ब्राझीलचा रोजचा पांढरा भात मोकळा कसा होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाची शिक्षणासाठी वर्षभर ब्राझीलमध्ये एका कुटुंबात राहून आली. आता तिला तिथला लसणीचा साधा पांढरा भात हवा असतो. मावशीने दोनदा करून पाहिला. पहिल्यांदा गिचका झाला, दुसऱ्यांदा मोकळा झाला पण कडवट लागला. तांदूळ बासमती, अर्धा तास भिजवलेला. पाण्याचं नेमकं प्रमाण किती, आणि कुकरला लावला तर चालेल का, असं त्या विचारतायत.

पाण्याकडे नंतर येते. तुमचा भात पाण्याने बिघडलेला नाही, पाणी घालायच्या आधीच्या पाच मिनिटांत बिघडलाय. दोन्ही वेळा.

मी चौदा वर्षं कांपिनासला होते. साओ पावलोपासून साधारण शंभर किलोमीटरवरचं हे शहर. त्यातली शेवटची नऊ वर्षं मी डबे दिले. डब्याला तिथे मार्मिता म्हणतात, आणि त्यात काय असावं हे ठरलेलं असतं: भात, घेवड्याच्या दाण्यांची रसदार उसळ, एखादा मांसाचा तुकडा किंवा अंडं, थोडी भाजी. भाजी बदला, मांस बदला, कुणी काही बोलणार नाही. भात चिकट गेला की मात्र दुपारी फोन. रोज साठ-सत्तर डबे म्हणजे सहा किलो तांदूळ, तीन-तीन किलोची दोन भांडी. माझ्याबरोबर शेजारच्या मिनास जेराइस राज्यातल्या एक बाई होत्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. मी जे काही सांगणार आहे त्यातलं निम्मं त्यांचं आहे.

आधी हा भात काय आहे ते. तिथे अशा मोकळ्या भाताला 'सोल्चिन्यु' म्हणतात. सुटासुटा, तेही लाडाने. याच्या उलट भात झाला तर घरातले लोक पातेल्यात डोकावून म्हणतात, 'उनिदुस व्हेन्सेरेमुस', म्हणजे एकजुटीने आपण जिंकू. नवीन सुनेला, नवीन स्वयंपाकिणीला, पहिल्यांदा घर सोडून राहणाऱ्या पोराला, सगळ्यांना हे ऐकावं लागतं. मीही ऐकलंय, ती गोष्ट पुढे आहे.

हा पुलाव नाही आणि फोडणीचा भातही नाही. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता यातलं काही नाही. खडा मसाला नाही. काही घरांत तमालपत्राचं एक पान टाकतात, तेवढंच. तेल, लसूण, हवा असेल तर थोडा कांदा, मीठ, तांदूळ, पाणी. हा भात नुसता खायचा नसतोच, वर घेवड्याचा रस्सा येणार असतो. दाणे सुटे असले की रस्सा त्यांच्यामधून खाली उतरतो, प्रत्येक दाण्याला लागतो. गोळा झालेल्या भातावर तोच रस्सा वरच्या वर घसरतो. मोकळेपणाचा हट्ट दिसण्यासाठी नाही, त्यासाठी आहे.

आता तांदूळ. तिथला रोजचा तांदूळ म्हणजे 'अगुल्यिन्या', शब्दशः छोटी सुई. लांबट, बारीक, वासाचा नाही. बहुतेक घरांत पाच किलोची पिशवी येते, वर 'प्रकार 1' असं छापलेलं असतं, म्हणजे तुकडा आणि खराब दाणा कमी. देशातला साधारण सत्तर टक्के तांदूळ एकट्या रियो ग्रांद दो सुल या अगदी दक्षिणेकडच्या राज्यात पिकतो. मे 2024 मध्ये तिथे महापूर आला तेव्हा तांदळाच्या भावाची चर्चा अख्ख्या देशात होती, इतका तो एका जागेवर अवलंबून आहे.

आपल्याकडे त्याला जवळचा म्हणजे जुना कोलम किंवा एचएमटी. निदान वर्षभर जुना घ्या. दुकानदाराला नुसतं 'जुना आहे ना' विचारू नका, थोडा शिजवून बघायला आणा. नव्या तांदळाचा हा भात कितीही हातखंडा असला तरी गिचकाच होतो. इंद्रायणी आणि आंबेमोहोर विसरा. त्यांचं मऊ, चिकटसर होणं हाच त्यांचा गुण, वरणभाताला दुसरं काही नको, पण इथे तो आडवा येतो. बासमती मोकळा होतो हे खरं, पण त्याचा स्वतःचा वास लसणीशी भांडतो, आणि दाणा शिजल्यावर इतका लांबतो की तोंडाला हा भात वेगळाच लागतो. भाची बहुतेक 'छान आहे, पण तसा नाही' असं म्हणत असेल. कारण हे आहे.

धुवायचा की नाही, यावर ब्राझीलमध्येही दोन पक्ष आहेत. पाकिटातला स्वच्छ तांदूळ धुवायची गरज नाही असं तरुण मंडळी म्हणतात. कुणाला न धुतलेला तांदूळ तेलात टाकताना पाहिलं तर आमच्या मिनासच्या बाई हात धरायच्या. तिथे घरोघरी एक प्लॅस्टिकचं भांडं असतं, अर्धा वाडगा आणि अर्धी चाळणी. तांदूळ धुवायचा, वाडगा तिरका करायचा, पाणी जातं आणि दाणा राहतो. हे भांडं 1959 मध्ये तेरेझिन्या बेआत्रिस झोरोविच या ब्राझीलच्याच दंतवैद्य बाईंनी काढलं. धुतलेला तांदूळ मोरीत जातो आणि नळी तुंबते, हा तुमचा-माझा रोजचा वैताग एका बाईने सोडवला, याचं मला अजून कौतुक वाटतं.

मी धुवा असंच सांगेन. आपल्याकडच्या सुट्या तांदळाला भुकटी जास्त असते. दोन-तीन पाण्यांनी, हाताने न चोळता. पण धुतल्यावर चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा, पसरून. आणि भिजवू नका. इथे तुमचा पहिला भात गेला. भिजलेला दाणा मऊ आणि ठिसूळ होतो, परतताना मोडतो, मोडलेल्या दाण्यातला स्टार्च पाण्यात उतरतो आणि त्याची खळ होते. शिवाय ओला तांदूळ गरम तेलात पडला की तो परतला जात नाही, वाफवला जातो. तळाला चिकटतो, मग आपण उलथण्याने खरवडतो, मग आणखी मोडतो.

चारजणांसाठी दोन वाट्या तांदूळ, दोन मोठे चमचे तेल. तेल वासाचं नको. तिथे बहुतेक सोयाबीनचं वापरतात, आपल्याकडे सूर्यफुलाचं चालेल. घाण्याचं शेंगदाणा तेल नको, तूप तर नकोच. मिनासकडे जुन्या घरांत डुकराची चरबी वापरत. त्या भाताची चव वेगळीच, पण तुमच्याकडे ती मिळणार नाही आणि भाचीच्या त्या घरीही बहुधा तेलच असेल. आपल्या गावरान लसणीच्या सात-आठ बारीक पाकळ्या, किंवा मोठ्या असतील तर चार. त्या सव्वा चमचा मिठाबरोबर खलबत्त्यात ठेचा. मीठ आधीच घातलं की लसूण उडत नाही आणि पाणी सोडून तिचा छान लगदा होतो. आमच्याकडे हा मीठ-लसणीचा लगदा बरणीत भरलेला असायचा, भाताला तोच, घेवड्याला तोच, मांसालाही तोच. कांदा घालणार असाल तर पाव कांदा, अगदी बारीक चिरून. मी डब्यांना घालायचे, घरी घालत नसे.

भांडं जाड बुडाचं, फार उंच नको. तेल तापू द्या, पण धूर येईपर्यंत नाही. तुमचा दुसरा भात कडू झाला तो इथे. आपल्या हाताला फोडणीची सवय असते: तेल कडकडीत तापवायचं, लसूण टाकायची, लालसर झाली की पुढचं. वरणाच्या फोडणीत लसूण लाल झाली की लगेच वरणात जाते, तिचं भाजणं तिथे थांबतं. इथे लसणीनंतर तांदूळ पडणार आणि आणखी चार मिनिटं ती त्याच तेलात राहणार. आत्ता सोनेरी दिसणारी लसूण चार मिनिटांनी तपकिरी होते. मिठाबरोबर ठेचलेली असेल तर ती आणखी लवकर करपते, कारण तुकडे बारीक. म्हणून कांदा आधी, तो काचेसारखा झाला की मध्यम आचेवर लसूण, आणि नाकाला कच्चा वास जाऊन गोड वास आला रे आला की तांदूळ. वीस सेकंद, अर्धं मिनिट. रंग यायची वाट पाहायची नाही. हा भात शेवटी पांढराच दिसला पाहिजे.

तांदूळ टाकल्यावर जे करतात त्याला तिथे 'हेफोगार' म्हणतात. लिहिताना 'र' ने सुरू होतो, पण तोंडात 'ह' येतो, तसं भाताचं नावही 'अर्रोझ' लिहितात आणि 'अहोस' म्हणतात. हा शब्द गोव्यात तुम्ही ऐकला असेल. ख्रिस्ती घरांत समारंभाला 'आरोस रेफोगाद' असतो, तो याच पोर्तुगीज परतण्यातून आलेला, फक्त त्यात मसाला आणि रसा घालून त्याचा पुलाव झाला. ब्राझीलने तो साधा ठेवला आणि रोजचा केला.

तर परतणं. इथे घाई करू नका. मध्यम आच, उलथणं तळापासून फिरवायचं, दाबायचं नाही. सुरुवातीला तांदूळ ओलसर, जड असतो, भांड्याच्या बुडाला घसटतो आणि आवाज असा काही येत नाही. दीड-दोन मिनिटांनी थोडा तळाला धरायला लागतो. घाबरू नका, तेल घालू नका, खरवडून परतत राहा. मग एकदम तो सुटतो. दाणे एकमेकांवरून घसरायला लागतात आणि आवाज बदलतो. कोरडी जाड वाळू सुपात हलवल्यावर येतो तसा सळसळ आवाज. आमच्या बाई परतताना भांड्याकडे बघायच्याही नाहीत, दुसऱ्या हाताने काहीतरी करत असायच्या, आवाज बदलला की पाण्याकडे वळायच्या. दाणाही बदलतो: अर्धपारदर्शक होता तो कडेने दुधाळ पांढरा दिसायला लागतो. एकूण तीन-चार मिनिटं. दाण्याला रंग यायला लागला तर तुम्ही पुढे गेलात.

या चार मिनिटांत काय होतं? दाण्यावरचं उरलंसुरलं पाणी उडतं, आणि वरच्या स्टार्चला तेलाचा पातळ थर बसतो. पुढे पाणी गेल्यावर 65 ते 75 अंशांच्या आसपास स्टार्च पाणी पिऊन फुगायला लागतो. वरचा स्टार्च मोकळा असेल तर तो पाण्यात येऊन शेजारच्या दाण्याला चिकटतो. तेल बसलेलं असेल तर फुगणं दाण्याच्या आत होतं, बाहेर खळ कमी होते. सगळी करामत एवढीच.

दुसऱ्या चुलीवर पाणी उकळत ठेवलेलंच हवं. ते ओतलं की भांडं 'चऽऽऽ' करून ओरडतं, वाफेचा लोट येतो, तोंड बाजूला ठेवा. गार पाणी ओतूनही भात करणारे लोक तिथे आहेत आणि त्यांचा भात चांगला होतो, पण गार पाणी तापेपर्यंत तांदूळ कोमट पाण्यात बसून राहतो, आणि प्रत्येक चुलीवर ती वेळ वेगळी. उकळतं पाणी घातलं की वेळ हातात राहते.

आता पाणी किती. दोन वाट्या जुन्या कोलमला चार वाट्या, धुतलेला असेल तर त्यातलं चार-पाच चमचे कमी. बासमतीच वापरायचा असेल तर साडेतीन वाट्या. पाणी घातल्यावर एकदा ढवळा, चमच्यात घेऊन चाखा: वरणापेक्षा किंचित जास्त खारट लागलं पाहिजे. कमी वाटलं तर मीठ आत्ताच, नंतर नाही. कारण यानंतर चमचा लावायचा नाही. अजिबात.

हे दुप्पट पाण्याचं गणित मोठ्या भांड्याला मात्र चालत नाही, आणि ते मी पदरचे तांदूळ घालवून शिकले. डबे सुरू केले त्या पहिल्या आठवड्यात तीन किलो तांदळाला मी घरचं माप वाढवत नेलं, म्हणजे सात लिटरच्या वर पाणी घातलं. तांदूळ स्वतः साधारण आपल्या मापाइतकं, फार तर थोडं जास्त पाणी पितो. बाकीचं वाफ होऊन जातं. घरच्या रुंद भांड्यात दोन वाट्यांमागे वाफ खूप जाते. तीन किलोच्या खोल भांड्यात तांदूळ पंधरापट झाला, पण भांड्याचं तोंड काही पंधरापट झालं नाही. वीस मिनिटांनी झाकण उघडलं तर आत खिमट. बाईंनी डोकावून पाहिलं, एक शब्दही रागाचा नाही, फक्त शांतपणे 'उनिदुस व्हेन्सेरेमुस' म्हणाल्या आणि नवीन तांदूळ निथळायला घेतला. त्या दिवशी डबे पाऊण तास उशिरा गेले. पुढे मी पाणी कमी करत करत साडेपाच लिटरवर आणलं. तुम्ही घरी दहा-बाराजणांसाठी करणार असाल तर दुपटीऐवजी पावणेदोनपटीने सुरुवात करा.

त्या खिमटाचं दुसऱ्या दिवशी 'बोलिन्यु' केलं: भातात अंडं, किसलेलं चीज, पार्सली, मळण्यापुरतं पीठ, चमच्याने गोळे तेलात सोडायचे. आपल्या शिळ्या भाताच्या भज्यांचे भाऊच. डब्यात दोन-दोन टाकले तर लोकांनी परत मागितले. सांगायचा मुद्दा, बिघडला तरी फेकू नका.

पाणी घातल्यावर झाकण न ठेवता मध्यम-मोठ्या आचेवर उकळू द्या. सहा-सात मिनिटांत पाणी तांदळाच्या पातळीला येतं आणि पृष्ठभागावर भोकं पडतात, त्यातून बुडबुडे फुसफुसतात. तेव्हा आच अगदी बारीक करा, झाकण ठेवा, पण एका बाजूने बोटभर फट राहू द्या. तिथे बहुतेकजणी असंच ठेवतात. आठ-दहा मिनिटं. मग काट्याने एका कडेला भात हलकेच बाजूला करून तळ बघा, किंवा भांडं जरा तिरकं करा. पाणी वाहत आलं तर आणखी दोन मिनिटं. तळ कोरडा दिसला आणि दाणा अजून टणक असेल तर दोन चमचे उकळतं पाणी शिंपडा, ओतू नका. गॅस बंद, आता झाकण पूर्ण, दहा मिनिटं हात लावायचा नाही. या दहा मिनिटांत वरच्या आणि खालच्या दाण्यांतला ओलावा सारखा होतो आणि दाण्याचं बाहेरचं अंग घट्ट बसतं. गरम-गरम हलवला तर त्याच क्षणी मोडतो. मग काट्याने कडेपासून वर उचलत मोकळा करा. डाव नको, चमचा नको. तळाला थोडी खरवड आली तर ती स्वयंपाक करणाऱ्याची, ती तिथेही मुलं आणि आई यांच्यात भांडणाचा विषय असते.

कुकर: तिथे कुकर घेवड्यासाठी असतो, भाताला नाही. आपल्या कुकरात जमवायचाच असेल तर परतणं सगळं वर सांगितलंय तसंच, पाणी दीडपट, एक शिट्टी, गॅस बंद, वाफ आपोआप जाऊ द्या. खाता येण्याजोगा मोकळा होतो. पण वाफ सुटताना दाणे हिंदकळतात आणि थोडे फुटतात; भाचीला कळेल. इलेक्ट्रिक राइस कुकर असेल तर कढईत परतून त्यात ओता, हे मात्र खरंच छान होतं.

घेवड्याबद्दल विचारलं नाहीत, पण सांगते, कारण त्याशिवाय हा भात अर्धा आहे. साओ पावलोकडे रोजचा दाणा म्हणजे 'कारियोका', फिकट अंगावर तपकिरी रेघा. रियो दि जानेरोकडे काळा. इथे परत आल्यावर मी राजम्याचे सगळे प्रकार करून पाहिले, आणि सगळ्यात जवळ सापडला आपला कोरेगावचा वाघ्या घेवडा. रंग जरा लालसर आहे, पण दाणा त्याच जातीचा, अंगावर पट्टे तसेच, आणि शिजल्यावर रस्सा दाट होतो तो हुबेहूब. रात्रभर भिजवा, कुकरात मऊ शिजवा. वेगळ्या कढल्यात तेलावर लसूण परता (इथे जराशी लाल चालेल), दोन डाव शिजलेले दाणे त्यात ठेचा आणि ते परत रश्शात ओतून दहा मिनिटं उकळा. मीठ, एक तमालपत्र. तिखट नको. बरोबर कोबीच्या कुटुंबातली एक रुंद पानांची भाजी असते, 'कोव्ही', आपला 'कोबी' हा शब्द त्याच पोर्तुगीज शब्दापासून आलाय. ती पानं मिळणार नाहीत. नवलकोलाची कोवळी पानं एकावर एक गुंडाळून केसासारखी बारीक चिरा आणि लसणीवर मिनिटभर परता, काम होतं.

उरलेल्या भाताचं एक. ब्राझीलमध्ये एकदा करून दोन-तीन दिवस पुरवायची पद्धत आहे, आणि हा भात फ्रिजमध्ये खरंच चांगला राहतो. पण तासाभरात पसरट भांड्यात गार करून आत ठेवा. तांदळातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू उकळण्याने मरत नाहीत आणि कोमट भातात वाढतात. रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात मी डब्यात कधी घातला नाही, घरीही देत नाही. गरम करताना वर पाण्याचा हबका आणि झाकण.

वाढताना भाचीच्या पुढे भात आणि घेवडा वेगवेगळ्या भांड्यांत ठेवा, ताटात तुम्ही घालू नका. भातावर घेवडा की घेवड्यावर भात, यावरून तिथे घराघरांत वाद आहेत, आणि ती ज्या घरात राहिली तिथली पद्धत तिच्या हातात बसली असणार.